एकोणीस सकाळींचा कागद

१

वनमाला मेश्राम यांनी नोटीस दोनदा वाचली आणि ती बोटांच्या टोकांनी धरून परत कमलाच्या हातात दिली. हात धुवावेत असं त्यांना वाटत होतं.

नोटीस महानदी फुटबॉल क्लबची होती. क्लबचा आघाडीचा खेळाडू यशदीप डोंगरे याने आपला थकवा आणि पायाचं दुखणं क्लबपासून लपवलं, म्हणून त्याचा करार रद्द का करू नये, असं तीत विचारलं होतं. करार रद्द झाला की पगार बंद, आणि टाचेवरच्या तुटलेल्या शिरेचं ऑपरेशनही क्लब करणार नाही. सुनावणी शुक्रवारी चार वाजता होती आणि आज बुधवार उजाडला होता.

"ताई, माह्या पोट्ट्यानं काही लपवलं नाई," यशदीपची आई कमला म्हणाली. तिनंच त्यांना घरी बोलावून घेतलं होतं. "रोज सकाळी ग्राउंडवर आकडा लिहे तो. नऊ, आठ, नऊ. घरी येऊन मले सांगे. आता त्याइच्या कागदावर एक न् दोन कसे आले?"

यशदीप दिवाणावर पडला होता, डावा पाय दोन उशांवर. सव्वीस वर्षांचा पोरगा, पण चेहरा चाळिशीचा. त्यानं सावकाश समजावून सांगितलं. क्लबची फिजिओ अनुश्री हिने दर खेळाडूला महिन्याचा एक छापील कागद दिलेला. रोज सकाळी बूट घालण्याआधी त्यावर आपल्या हातानं आकडा लिहायचा. एक म्हणजे ताजातवाना, दहा म्हणजे उभं राहवत नाही. शेजारी कोचची सही. "पंचेचाळीस दिवसात तेरा मॅच झाल्या, मावशी. वरून प्रवास. मी नऊच लिहून राहिलो होतो. एकोणीस तारखेच्या सकाळीबी नऊ लिहिला. संध्याकाळी मॅच होती. एकाहत्तराव्या मिनिटाले मांगून कोनी लाथ मारल्यावानी वाटलं. वळून पाह्यलं तर मांगं कोनीच नव्हतं."

त्याचा मोबाइल शेजारी उपडा पडला होता. वनमालाबाईंनी उचलून सुलटा केला आणि पस्तावल्या. यशदीप गवतावर कळवळतोय, त्यावर कोणी खिदळण्याचा आवाज जोडलेला, खाली हजारोंनी थुंकलेलं. महिन्याला पाच लाख घेतो आणि उठून उभाही राहत नाही. नाटक्या. घोडा असता तर गोळी घातली असती. असं लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी त्याचा आणि त्याच्या लहान मुलीचा हसरा फोटो होता. वनमालाबाईंनी मोबाइल परत उपडा ठेवला.

"राहू द्या ना, मॅडम," दाराशी उभा असलेला यशदीपचा बाप म्हणाला. "मोठ्या लोकाइच्या नादी कायले लागता? पाय बरा झाला का दुसरा क्लब भेटंन त्याले."

मारोती डोंगरे मालगाडीचा ड्रायव्हर होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. वनमालाबाई एकतीस वर्षं रेल्वेच्या लॉबीत होत्या, म्हणजे ड्रायव्हरांना ड्यूटीवर चढवणाऱ्या ऑफिसात. ड्रायव्हर आला की आधी सही, मग शेवटची ड्यूटी कधी सुटली, किती तास झोप झाली, ते विचारायचं. झोप कमी असेल तर हातात गाडी नाही, मग वरून कंट्रोलवाले कितीही बोंबलोत. मारोतीलाही त्यांनी एकदा असंच घरी पाठवलं होतं. तेव्हा तो पाय आपटत गेला होता.

"मारोती, तू चूप राह्य," त्या म्हणाल्या.

शुक्रवारची तारीख पाहायला त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेल्या. सगळं टापटीप होतं. सहा तारखेवर लिहिलेला 'गॅस' एका बारीक रेघेनं काटून आठ तारखेवर नेलेला, दुधाचे खाडे मांडलेले. रेल्वेच्या माणसाचं घर, असं मनात म्हणून त्या बाहेर आल्या आणि चपला घातल्या.

यशदीपनं नऊ लिहिले असतील, तर ते नऊ कोणी तरी उचलून नेले होते.

२

क्लबचं ऑफिस पंडरी बाजारात, क्लबचे मालक असलेल्या शेठच्या कापडाच्या गोदामावर होतं. मॅनेजर प्रफुल्ल दाणी यानं चहा मागवला आणि फाइल पुढे सरकवली.

"बघून घ्या, दीदी. आपलं सगळं पारदर्शक आहे."

कागदावर एकोणीस ओळी. एक, दोन, एक, एक, दोन. प्रत्येकीपुढे कोच स्वानंद काळमेघ याची सही. बारा तारखेला काही चूक झाली होती. आकडा काटून शेजारी एक लिहिला होता आणि बाजूला बारीक 'य'. वनमालाबाईंनी फाइलमधला मागच्या महिन्याचा कागद उलटला. त्यातही यशदीपनं एका जागी चूक केली होती आणि ती इतकी गिरवली होती की कागदाला भोक पडलं होतं.

"हे पाहून तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू का? मले आधी वाटलं दहापैकी एक म्हणजे पोट्टा मेला असंन! मंग स्वानंद सरनं सांगतलं का उलटं असते, एक म्हणजे फिट." प्रफुल्ल हसला. "मंग वकिलाले म्हटलं, घ्या, यानं स्वतःच्या हातानं लिहून देल्लं ना. आता आमची काय गलती?"

"त्याचं ऑपरेशन?"

"दीदी, शेठजी चॅरिटी थोडीच चालवून राहिले. एका खेळाडूच्या मागे किती खर्च असते! पब्लिक का बोल रहा है, पाह्यलं ना तुम्ही? पब्लिक आपल्या बाजूनं आहे." त्यानं मोबाइल पुढे केला. खिदळण्याचा तोच आवाज. त्यानं तो अख्खा ऐकला, आणि ऐकताना त्याच्या ओठावर चहाची साय लागलेली होती.

वनमालाबाईंनी चहा तसाच ठेवला. नजर पुन्हा कागदावर गेली. कोचच्या सह्या हिरव्या शाईच्या होत्या. पहिल्या तारखेची गडद, पाचवीची जरा कमी, दहावीची फिकी, चौदावीचा नुसता ओरखडा. पंधरावीपासून निळी शाई.

एकोणीस दिवसांत कोणाचंही पेन इतकं शिस्तीत संपत नाही. एका बैठकीत संपतं.

३

अनुश्री तात्यापारा वस्तीत राहायची. रडून तिचे डोळे सुजले होते. मराठी समजायची, पण बोलणं हिंदीवरच घसरायचं.

"आंटी, मैं तो थी ही नहीं. बहिणीचा साखरपुडा होता बिलासपूरला. अठराच्या दुपारी गेले, वीसला आले. फाइल माझ्या टेबलावर होती."

"जाण्याआधी यशदीपचा कागद पाह्यला होता?"

"रोज बघते ना. सात, आठ, नऊ. सतराला मी स्वानंद सरांशी भांडले. म्हटलं, सर, इसका टेंडन जाएगा, टाचेची शीर तुटेल. ते मानले पण. म्हणाले, एकोणीसला त्याला बसवतो, शेवटची वीस मिनिटं फक्त उतरवतो." तिनं नाक पुसलं. "मग सुरुवातीपासूनच काहून खेळवला, मला नाही माहीत. मी आले तेव्हा फाइलीत एक-दोन होते. मी ओरडले, ये वो कागज नहीं है. तर प्रफुल्ल सर म्हणतात, साबित करो. मोबाइलमध्ये फोटो काढायचं मला कधी सुचलंच नाही."

"प्रफुल्लला त्या आकड्याचा अर्थ माहीत होता?"

"उन्हें? गोलकीपरनं एकदा नऊ लिहिला तर त्यांनी त्याची पाठ थोपटली होती. शाब्बास म्हणून."

म्हणजे नऊचा एक करावा, ही अक्कल एकोणीस तारखेला प्रफुल्लजवळ नव्हती. तो पोटभर नीच होता, पण चोर नव्हता.

"तुह्या खोलीत त्या सकाळी कोन कोन आलं?"

"मुलं नऊला आकडा लिहून गेली. अकरा वाजता स्वानंद सर टीम ठरवायला येतात. मधे कोणी नाही." ती थांबली. "म्हणजे रोजच्यासारखे अंकल आले असतील यशदीपचा डबा घेऊन. वो तो घर के आदमी हैं."

"कोरे कागद कुठी असते?"

"तिथेच. टेबलावर गठ्ठा असतो."

वनमालाबाईंनी पाण्याचा पेला एका दमात संपवला.

४

गुरुवारी सकाळी स्वानंद काळमेघ मैदानावर भेटला. नागपूरचा माणूस, अंगावर इस्त्रीचा टी-शर्ट. समोर संध्याकाळच्या संघाची यादी होती. दोन नावं त्यानं पांढऱ्या शाईनं लिंपून वर नवी लिहिली होती. आपलं चुकलं हे कुठे दिसता कामा नये, असा एकूण बेत.

"मी रोज सकाळी कागद पाहतो आणि सही करतो," तो म्हणाला. "एकोणीसला पाहिलं, एक-दोन. पोरगा ठीक आहे म्हटलं. उतरवला."

"रोज सही करता?"

"रोज."

"मंग हिरवं पेन एका ओळीगणिक वाळत गेलं आणि पंधराव्या ओळीले मेलं. हे एकोणीस दिवसात झालं का पाच मिनिटात?"

स्वानंदनं यादी उचलली, परत ठेवली. कोवळी मुलं मैदानाला चकरा मारत होती. त्यातल्या एकाच्या मांडीला पट्टी होती आणि तो पाय ओढत होता.

"तुम्ही एकोणीसले त्या खोलीत गेलात," वनमालाबाई म्हणाल्या. "फाइलीत नवाच कागद होता. अठरा दिवस तुम्ही सात, आठ, नऊपुढे सह्या केल्या होत्या, त्या सगळ्या गायब. कोनीबी विचारलं असतं, हे काय हाय. तुम्ही काहून नाही विचारलं?"

"शेठनी सकाळीच फोन केला होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिकिटं त्याच्या नावावर विकलीत, बसवलास तर तूही बस म्हणाले. मी खोलीत गेलो तर कागदावर एक-दोन. मॅडम, मी... मला बरं वाटलं."

"बरं वाटलं."

"मी तो कागद लिहिला नाही. शपथ घेतो. फक्त सह्या केल्या."

वनमालाबाईंना ते खरं वाटलं, आणि त्याचीच जास्त शिसारी आली. चोराला निदान हात तरी चालवावे लागतात. हा माणूस आयतं खोटं पाहून खूश झाला होता आणि पेन वाळेपर्यंत त्यावर सह्या करत बसला होता. शिवाय यानं आकडे लिहिले असते, तर बारा तारखेची चूक पांढऱ्या शाईखाली गाडली असती. यशदीपनं लिहिले असते, तर तिथे भोक पडलं असतं.

बारा तारखेला तर एकच रेघ होती, पट्टीनं मारल्यासारखी.

त्या मैदानातच उन्हात उभ्या राहिल्या. ही रेघ त्यांच्या ओळखीची होती. एकतीस वर्षं त्यांनीच ती शिकवली होती.

५

मारोती अंगणात बसून डबा घासत होता. वनमालाबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि आणून त्याच्यासमोर ठेवलं. शेजारी नोटिशीसोबत आलेली त्या कागदाची झेरॉक्स.

"लॉबीत नवीन मानूस आला का मी पहिल्या दिवशी काय सांगो, मारोती?"

मारोती डबा घासत राहिला.

"सांग."

"गिरवायचं नाई," मारोती म्हणाला. "खोडायचं झालं तर एका रेघेत. खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले सही."

"मंग वाच, खालचं."

कागद त्यानं हातात घेतला नाही. कमला दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पुढे होऊन तो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि रेघेखालचा आकडा वाचला. "नऊ," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे पाहिलं. "नऊ हाय हा. तुमी?"

"जुना पाहून लिहिता लिहिता हात चुकला," मारोती पुटपुटला. "अठरा दिवसाचे खोटे बरोबर लिहिले, एक खरा निंगून गेला."

"काहून केलं?" वनमालाबाईंनी विचारलं.

"कलकत्त्याच्या मोठ्या क्लबचे लोक येनार होते, वीस तारखेले. पोट्ट्याचे सारे कागद पाहाले. चौपट पगार देत होते, मॅडम. नऊ-नऊ पाह्यले असते तर आल्या पावली वापस गेले असते. दोन दिवसासाठी बदलला, बस. ते गेले का जुना ठेवनार होतो. स्वानंद सरनं अठराले मले सांगतलं होतं, उद्या त्याले बसवून ठेवतो. मले वाटलं, पोरगा बसूनच राहीन. मले काय मालूम का माह्याच कागदानं त्याले..."

कमला खाली बसली. नवऱ्यानं घासलेला डबा तिनं आपल्याकडे ओढला आणि दूर भिंतीशी सारून दिला.

"जुना कागद कुठी हाय?" वनमालाबाई म्हणाल्या.

मारोतीची नजर आतल्या खाटेकडे गेली.

"फाडला म्हणू नको. तू फाडनारा नाही."

मारोती उठला. ड्यूटीवर न्यायचा त्याचा जुना लोखंडी पेटारा खाटेखाली होता. तळाशी, लाल आणि हिरव्या झेंडीच्या खाली, कागद चौघडी घालून ठेवला होता. सात, आठ, नऊ, नऊ, नऊ. अठरा दिवस रोज सकाळची वेगळी शाई, वेगळा कल, आणि प्रत्येक आकड्यापुढे स्वानंद काळमेघची सही. एकोणिसाव्या नऊपुढे तेवढी ती नव्हती. क्लबला काही माहीत नव्हतं, हे म्हणायला आता जागा उरली नव्हती.

"उद्या हा घेऊन तूच यायचं," वनमालाबाई म्हणाल्या. "कुठून आला, ते तुले सांगा लागंन. नाही तर म्हनतीन, घरी बसून बनवला."

"साऱ्या जगासमोर?"

"त्याचा पाय साऱ्या जगासमोरच तुटला."

मारोतीनं कागद छातीशी धरला. "मॅडम, तुमी मले तेव्हा घरी पाठवलं होतं. बारा तास चालवून आल्तो, तरी मी भत्त्यासाठी भांडत होतो. तुमाले लय शिव्या देल्या मनात."

"तुले घरी पाठवाले मी होती तिथं," वनमालाबाई म्हणाल्या. "त्याले कोन होतं?"

६

क्लबच्या ऑफिसातली सुनावणी अर्ध्या तासात आटोपली. मारोती उभा राहिला, दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि काय केलं ते चार वाक्यांत सांगितलं. क्लबच्या वकिलानं अठरा सह्या पाहिल्या आणि आवाज उतरवला. शेठ एकदम यशदीपला बेटा म्हणू लागले. ऑपरेशन क्लब करणार, करार कायम, झालं ते गैरसमजातून. स्वानंद काळमेघ टेबलाच्या कडेकडे पाहत बसला. प्रफुल्लनं कुबड्यांवर उभ्या यशदीपच्या खांद्यावर हात ठेवून फोटोही काढून घेतला, आणि फोटो निघताच विचारलं, "सहा महिन्यात उतरशीन ना, भैया?"

वनमालाबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. तोंडात नुसता कडूपणा होता. यशदीप कुबड्या टेकत त्यांच्याजवळ आला.

"मावशी, तुमाले त्या रेघेवरून समजलं ना?"

त्यांनी चमकून पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"नोटीस आली त्याच दिवशी. तो कागद पाह्यला न् समजलो. दुधाचा खाडाबी बाबा असाच काटते."

"मंग बोलला काहून नाही? करार गेला असता. पाय गेला असता, बेटा."

"जाऊ दे म्हटलं." त्यानं कुबडी सरळ केली. "दोन हप्ते मी रोज वाचून राहिलो, मावशी, लोक काय लिहिते ते. माह्यासाठी ठीक हाय, मी पगार घेतो त्याचा. पन बाबाले त्याइच्या हातात द्यायचं नव्हतं मले."

खालून आवाज आला. वनमालाबाईंनी जिन्यावरून वाकून पाहिलं. मारोती एकटाच आधी उतरून गेला होता. आतली गोष्ट बाहेर कोणी पोचवली, देव जाणे, पण फाटकाशी पन्नासेक माणसं जमली होती आणि पन्नासांचेही मोबाइल वर होते. कालपर्यंत पोराला नाटक्या म्हणणारेच ते. "यही है, यही है बाप," कोणी तरी ओरडलं. "अंकल, कितने में बेचा बेटे को? इधर देखो ना, अंकल!" कोणी तरी खिदळलं, आणि तो आवाज वनमालाबाईंना लगेच ओळखू आला.

मारोती फाटकाला पाठ लावून, हात जोडून उभा होता. कोणाला जोडलेत, ते त्यालाही कळत नसावं.

आपण खरं तेच केलं, हे वनमालाबाईंना माहीत होतं. तरी त्यांना स्वतःचाही वीट आला. "मी उतरते, तू थांब," त्या म्हणाल्या.

पण यशदीप थांबला नाही. एकेक पायरीवर कुबड्या टेकत, तुटका पाय हवेत धरून तो खाली गेला. गर्दीनं त्याच्यासाठी वाट केली, मोबाइल आणखी वर गेले, कोणी त्याच्या नावाचा जयजयकारही सुरू केला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. बापासमोर जाऊन तो गर्दीकडे पाठ करून उभा राहिला, असा की मोबाइलांना मारोतीचा चेहरा दिसू नये. मग उजवी कुबडी सोडून त्यानं बापाचे जोडलेले हात धरले आणि खाली केले.

"चला, बाबा," तो म्हणाला. "मले लय वेळ उभं राहवत नाई."